फ्रेंच 'पॅं' : बेकरीच्या रांगेपासून म्हणींपर्यंत

फ्रेंच शिकायला बसलं की 'पॅं' हा शब्द पहिल्याच आठवड्यात भेटतो. अर्थ पाव, लिंग पुल्लिंग, अनेकवचनात लिहिताना शेवटी एक एस वाढतो पण उच्चार तोच राहतो. बहुतेक जण एवढं पाठ करून पुढे सरकतात. मग कधीतरी बेकरीत दोन घास हवे असताना चारशे ग्रॅमचा लोड हातात पडतो. ऑफिसात कोणी फळीवर पाव असल्याचं सांगतं आणि आपण डबा कुठे आहे ते बघू लागतो. 'मी हा पाव खात नाही' हे वाक्य ऐकून वाटतं, याला गव्हाची ॲलर्जी असेल.

हा शब्द एकटा पाठ करायचा नसतो. त्याच्या आधी जो छोटा शब्द येतो (द्यू, ॲं, ल, द) किंवा येत नाही, त्यावर बराचसा अर्थ ठरतो. पुढच्या पायऱ्यांत त्या छोट्या शब्दांवरच जास्त जोर आहे.

पायरी 1 : उच्चार

फ्रेंच स्पेलिंग पी-ए-आय-एन आहे. इंग्रजीत याच अक्षरांचा अर्थ वेदना होतो, त्यामुळे डोळा आधी 'पेन' वाचतो. फ्रेंचमध्ये 'पेन' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला खरोखरच दुसरा शब्द ऐकू येतो. त्याचा अर्थ दुःख किंवा कष्ट.

योग्य उच्चार असा काढा. 'बॅट'मधला ॲ घ्या, आधी प लावा आणि आवाज नाकातून सोडा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकता कामा नये, टेकलं की न ऐकू येतो. ओठ मिटता कामा नयेत, मिटले की म ऐकू येतो. शब्द संपतो तेव्हा तोंड उघडंच राहतं.

मराठी जिभेची अडचण इथेच आहे. आपल्याकडे अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे रंग बदलतो: 'आंबा'त म, 'अंत'मध्ये न. त्याच सवयीने 'पॅं ब्लां' (पांढरा पाव) हे 'पॅम्ब्लां' होतं आणि 'पॅं द मी' (स्लाइस ब्रेड) हे 'पॅन्द मी'. एकेकटा शब्द नीट येतो, वाक्यात घातला की बिघडतो. ज्यांच्या घरी कोंकणी बोलतात त्यांना हे सोपं जातं, कारण 'हांव'मधला नाकातला स्वर त्यांच्या तोंडात आधीपासून बसलेला असतो. या लेखात फ्रेंच शब्दांवरचा अनुस्वार कायम नाकातलाच समजा. खरा न किंवा म असेल तिथे तो पूर्ण अक्षराने लिहिला आहे. 'ज' मात्र 'टेलिव्हिजन'मधला, आणि 'ऽ' दिसला की ओठ गोल करून अ लांबवायचा.

सरावासाठी एकच वाक्प्रयोग पुरेसा आहे: ॲं बों पॅं ब्लां, म्हणजे 'एक चांगला पांढरा पाव'. फ्रेंचमधले चारही नासिक्य स्वर यात ओळीने येतात. ॲं आणि पॅं यांतला फरक पॅरिसच्या बाजूला आता जवळजवळ पुसला गेला आहे, त्यामुळे त्याची फिकीर नको. पॅं, पां आणि पों हे तीन मात्र वेगळे ऐकू आलेच पाहिजेत. 'पां' म्हणजे मोर आणि 'पों' म्हणजे पूल. बेकरीत पूल मागितला तरी पाव मिळेल, पण फोनवर घोटाळा होतो.

पायरी 2 : आधीचा छोटा शब्द

मराठीत 'मी पाव खातो' म्हणताना पावाआधी काहीच लागत नाही. म्हणून मराठी माणूस सहज 'ज मांज पॅं' म्हणतो. हे वाक्य फ्रेंच कानाला लंगडं लागतं. तिथे निवड करावीच लागते.

*द्यू पॅं* म्हणजे थोडाफार पाव, पाव हा पदार्थ. खाणं, विकत आणणं, टेबलावर ठेवणं यासाठी हेच वापरा. ज मांज द्यू पॅं: मी पाव खातो.

*ल पॅं* म्हणजे तो ठरावीक पाव, किंवा पाव ही गोष्ट सर्वसाधारणपणे. आवडनिवड सांगताना हेच येतं: जेम ल पॅं, मला पाव आवडतो. 'मला पाव हवाय' म्हणताना ल घातलंत तर समोरचा विचारतो, कुठला?

*ॲं पॅं* म्हणजे एक अख्खा नग. बेकरीत या दोन शब्दांचा अर्थ आणखी नेमका आहे: साधारण 400 ग्रॅमचा लांब पाव, 'बागेत' या काडीसारख्या लांब पावापेक्षा जाड. 'एक पाव द्या' असं मनातल्या मनात भाषांतर करून 'ॲं पॅं' मागितलं की तोच हातात येतो. पावाचा एक तुकडा हवा असेल तर 'ॲं मोर्सो द पॅं' आणि एक काप हवा असेल तर 'यून त्रांश द पॅं'.

*द पॅं*, म्हणजे नुसता 'द', हा नकारानंतर आणि मापानंतर येतो. पाव नाही: पा द पॅं. थोडा पाव: ॲं पऽ द पॅं. इथे 'द्यू' घालण्याची चूक फार होते, कारण आधी 'द्यू पॅं' घोकलेलं असतं.

'द्यू पॅं' हा जोड किती घट्ट आहे ते मॉरिशसला ऐकायला मिळतं. तिथल्या क्रिओल भाषेत पावाला 'दिपॅं' म्हणतात. द्यू शब्दाला कायमचा चिकटला आणि दोन्ही मिळून एकच नाम झालं. मॉरिशसची मराठी कुटुंबंही रोजच्या बोलण्यात हाच शब्द वापरतात. शिकणाऱ्यांनी क्रिओलची ही युक्ती उचलावी आणि शब्दकोशात 'पॅं' असला तरी वहीत 'द्यू पॅं' असं लिहावं.

पायरी 3 : बेकरीत मागणं

आधी दुकान ओळखा. 'बूलांज्री' ही पाटी कोणालाही लावता येत नाही. 1998 च्या कायद्यानुसार पीठ मळणं, पाव वळणं आणि भाजणं हे सगळं जो विक्रीच्याच जागी स्वतः करतो, आणि कणीक किंवा पाव कुठल्याही टप्प्यावर गोठवत नाही, त्यालाच ती पाटी लावता येते. बाहेरून आलेला पाव नुसता विकणाऱ्या दुकानावर 'देपो द पॅं' लिहिलेलं असतं. लहान गावांत वाण्याच्या दुकानात किंवा बारमध्ये अशी सोय असते.

संवाद साधारण असा होतो:

तुम्ही : बोंजूर मादाम. यून त्रादिस्यों ब्यॅं क्युईत, सिल वू प्ले. (एक खरपूस त्रादिस्यों, म्हणजे पारंपरिक पद्धतीची बागेत, द्या.)
दुकानदारीण : ज वू ला कूप आं दऽ? (मधून कापून देऊ?)
तुम्ही : नों, मेर्सी.
दुकानदारीण : आवेक ससी? (आणखी काय?)
तुम्ही : स सरा तू, मेर्सी. (एवढंच.)

'बोंजूर' वगळून थेट मागणी केली तर पाव मिळतो, पण कपाळावरची आठीही सोबत मिळते. दुकानात पाय टाकला की आधी हा शब्द, मग बाकीचं.

'ब्यॅं क्युईत' म्हणजे खरपूस भाजलेली, 'पा त्रो क्युईत' म्हणजे फिकी, मऊसर. सकाळी घेऊन रात्री खायची असेल तर खरपूस घ्या, कवच जास्त वेळ टिकतं. इथे लिंग सांभाळा. बागेत आणि त्रादिस्यों स्त्रीलिंगी, म्हणून 'क्युईत'. पॅं पुल्लिंगी, म्हणून 'क्युई', शेवटचा त गळतो. त चुकला तरी पाव मिळतोच, पण नवखेपण तिथेच उघडं पडतं.

बागेत साधारण 250 ग्रॅमची. तिच्याहून बारीक ती 'फिसेल' (शब्दशः सुतळी), वजनाला जवळपास निम्मी. बागेत आणि पॅं यांच्या मधला, आखूड आणि फुगीर तो 'बातार'. वजनं बेकरीगणिक हलतात. अर्धी बागेत मागायला लाज नको, 'यून दमी-बागेत' म्हटलं की बहुतेक ठिकाणी कापून देतात. गोल मोठा पाव घेतलात तर काप करून देऊ का असं विचारतील. उत्तर 'त्रांशे, सिल वू प्ले' किंवा 'नों त्रांशे'.

त्रादिस्यों आणि साधी बागेत यांत काही सेंटचा फरक असतो, आणि तो देण्यासारखा आहे. 13 सप्टेंबर 1993 च्या सरकारी हुकुमानुसार 'पॅं द त्रादिस्यों फ्रांसेझ' या नावाने विकायच्या पावात गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण (यीस्ट किंवा लव्हॅं, म्हणजे नैसर्गिक आंबवण) एवढंच असावं लागतं. वरून चालतं ते थोडं फावा घेवड्याचं पीठ (2 टक्क्यांपर्यंत), सोयापीठ (0.5 टक्का) आणि माल्ट केलेल्या गव्हाचं पीठ (0.3 टक्का). रासायनिक भर नाही, गोठवणं नाही. साध्या बागेतवर एवढी बंधनं नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये युनेस्कोने बागेतची कारागिरी आणि तिच्याभोवतीची संस्कृती वारसायादीत घेतली, त्यानंतर पर्यटकांच्या भागांत वाटेल त्या काडीला कारागिरीचं लेबल लागू लागलं आहे. तेव्हा पाटी वाचा.

उपाहारगृहात जेवण मागवलं की पाव आणि नळाच्या पाण्याचा जग त्याच पैशात येतो. टोपली संपली की 'आंकोर ॲं पऽ द पॅं, सिल वू प्ले' म्हणा. पाव ताटलीत ठेवत नाहीत, शेजारी टेबलावरच ठेवतात, आणि सुरीने न कापता हाताने तोडतात. पाव पालथा ठेवला तर जुन्या पिढीतलं कोणीतरी तो मुकाट्याने सुलटा करतं. पालथा पाव अशुभ, तो फाशी देणाऱ्यासाठी बाजूला ठेवलेला असे, अशी समजूत आहे.

पायरी 4 : पाटीवरची नावं वाचणं

पॅंच्या मागे येणारा 'द' किंवा 'ओ' इथे पैशाचा प्रश्न होतो. 'पॅं द सेग्ल' म्हणजे राईचा (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) पाव, त्यात किमान 65 टक्के राईचं पीठ धरलं जातं. 'पॅं ओ सेग्ल' म्हणजे राई घातलेला पाव, तिथे 10 टक्के असली तरी पुरे. नवख्याला दोन्ही पाट्या सारख्याच वाटतात.

'पॅं कोंप्ले' म्हणजे कोंड्यासकट. पोळीच्या गव्हाची आठवण येणारा हाच. 'पॅं द कांपान्य' म्हणजे गावाकडचा, पण या नावामागे फारशी सक्ती नाही, बेकरीगणिक चव बदलते. 'पॅं ओ लव्हॅं' हा नैसर्गिक आंबवणाचा, चवीला आंबूस. 'मी' म्हणजे पावाच्या आतला मऊ भाग, म्हणून 'पॅं द मी' म्हणजे चौकोनी, पातळ कवचाचा पाव. आपण ज्याला स्लाइस ब्रेड म्हणतो तो हाच. शाकाहारी सँडविचसाठी किंवा लहान मुलांच्या डब्यासाठी हवा असेल तर सुपरमार्केटमध्ये हे नाव शोधा.

गोड बाजूला चॉकलेट भरलेला 'पॅं ओ शोकोला' आहे. नैर्ऋत्य फ्रान्सच्या बोर्दो-तुलूझ पट्ट्यात तो मागितलात तर दुरुस्ती होईल: 'शोकोलातीन!' हा वाद अर्धा गमतीचा, अर्धा खरा. 2018 मध्ये काही खासदारांनी त्यावर संसदेत दुरुस्तीही मांडली होती, ती फेटाळली गेली. उत्तरेत आणि अल्झासकडे त्यालाच 'पती पॅं' म्हणतात, तर पॅरिसमध्ये 'पती पॅं' म्हणजे साधा छोटा गोल पाव. 'पॅं देपीस' हा पाव नव्हेच, मध आणि मसाल्यांचा केक आहे. 'पॅं स्युर्प्रीझ' म्हणजे पार्टीसाठी आतून कोरलेला मोठा पाव, पोटात छोटी सँडविचं भरलेली. त्यात मांस किंवा मासा असतोच असं धरून चाला आणि आधी विचारा.

दोन विशेषणं सारखी वाटतात पण वेगळी आहेत. 'पॅं रासी' म्हणजे शिळा, कडक झालेला. 'पॅं सेक'मधल्या 'सेक'चा अर्थ कोरडा, पण म्हणायचं असतं ते 'नुसता पाव, सोबत काही नाही'. ही जुन्या काळची मुलांची शिक्षा. शिळ्या पावाबद्दल तक्रार करताना 'सेक' वापरलं तर अर्थ थोडा सरकतो.

पाव शिळा होऊ नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका. फ्रीजच्या तापमानाला पिठातला स्टार्च जास्त लवकर घट्ट होतो, आणि पाव बाहेर ठेवल्यापेक्षाही आधी कडक होतो. प्लास्टिकच्या पिशवीत आतला ओलावा कवचात उतरतो आणि बागेत चामट होते. त्याच दिवशी संपणार नसेल तर काप करून फ्रीझरमध्ये टाका.

तरीही उरलाच तर 'पॅं पेर्द्यू', शब्दशः 'वाया गेलेला पाव'. शिळ्या पावाचे 2 सेंटिमीटर जाडीचे 6 काप, 2 अंडी, 250 मिली दूध, 40 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. दूध, अंडी, साखर, मीठ फेटायचं, काप दोन्ही बाजूंनी मिळून दोन-तीन मिनिटं भिजवायचे, फारच कडक असतील तर आणखी थोडा वेळ. मग लोण्यावर मध्यम आचेवर प्रत्येक बाजू तांबूस होईपर्यंत भाजायची. ताजा पाव घेतला तर तो दुधात विरघळतो. आच मोठी ठेवली तर साखर आधी जळते आणि मधलं अंडं कच्चं राहतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये याच पदार्थाला 'पॅं दोरे', सोनेरी पाव, म्हणतात.

पायरी 5 : म्हणी आणि वाक्प्रचार

दुकानातला पॅं हा पाव असला तरी म्हणींतला पॅं म्हणजे आपली भाकरी किंवा घास. मराठी बायबलमध्येही येशूच्या प्रार्थनेत रोजची 'भाकर'च मागितली जाते, फ्रेंचमध्ये त्याच जागी 'पॅं' आहे. वाक्प्रचार समजून घेताना पावाच्या जागी भाकरी ठेवून पाहा, निम्मे आपोआप उलगडतात. 'गान्ये सों पॅं' म्हणजे आपली भाकरी कमावणं. 'गान्य-पॅं' म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. 'ओते ल पॅं द ला बूश' म्हणजे तोंडचा घास काढून घेणं, इथे तर शब्दाला शब्द जुळतो.

फ्रान्समध्ये पाव हा राजकारणाचा विषय होता, हे ध्यानात ठेवलं की या शब्दाचं वजन कळतं. ऑक्टोबर 1789 मध्ये पावाच्या टंचाईने पेटलेल्या पॅरिसच्या बायका व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या आणि राजाला कुटुंबासह पॅरिसला घेऊन आल्या. वाटेत गर्दी म्हणत होती: बेकरीवाला, बेकरीवाली आणि पोऱ्या येताहेत! राजा, राणी आणि युवराज यांना दिलेली ती नावं होती.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रयोग जे द्यू पॅं स्युर ला प्लांश. शब्दशः 'माझ्या फळीवर पाव आहे', अर्थ 'माझ्यापुढे कामाचा ढीग पडलाय'. याचा अर्थ शंभरेक वर्षांपूर्वी उलटा होता. शेतकरी एकदम बऱ्याच दिवसांचा पाव भाजून फळीवर ठेवत. फळीवर पाव असणं म्हणजे पुढची बेगमी झालेली असणं, हात न हलवता खायची सोय. विसाव्या शतकात अर्थ फिरला. जुनं फ्रेंच वाचताना ही म्हण भेटली तर आधी काळ बघा. आजच्या वापरात ती तक्रार नाही, त्रासही नाही. वरिष्ठांसमोर, मीटिंगमध्ये, ईमेलमध्ये निर्धास्त वापरा.

आता एक जोडी, जिच्यात सगळे अडखळतात:

सा मांज पा द पॅं : शब्दशः 'ते पाव खात नाही'. अर्थ, करून पाहायला काय जातंय, खर्च नाही, धोका नाही. अर्ज टाकून ठेव, सा मांज पा द पॅं.

ज न मांज पा द स पॅं-ला : शब्दशः 'मी तो पाव खात नाही'. अर्थ, असल्या भानगडीत मी पडत नाही, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. कोणी लाच देऊ केली तर हे उत्तर.

दोन्हींत खाणं आहे, नकार आहे, पाव आहे. पहिल्यात 'द पॅं', दुसऱ्यात 'द स पॅं-ला', म्हणजे 'तो तसला पाव'. दुसऱ्याचा कर्ता माणूसच असतो, पहिल्याचा 'सा' म्हणजे 'ते'. सहकाऱ्याने एक निरुपद्रवी सूचना केली आणि तुम्ही पहिल्याऐवजी दुसरं म्हणालात, तर तुम्ही त्याला सभ्य भाषेत भ्रष्ट म्हटलंत.

बों कोम ल पॅं : पावासारखा चांगला, म्हणजे निर्मळ मनाचा देवमाणूस. बाईबद्दल म्हणताना 'बोन कोम ल पॅं' होतं. ते ठीक आहे, पण पूर्ण म्हणा. अर्धवट सोडून नुसतं 'एल ए बोन' म्हटलं तर बोलभाषेत ते बाईच्या अंगाकडे पाहून केलेलं अश्लील शेरेबाजीचं वाक्य होतं. आत्मविश्वास नसेल तर 'एल ए जांतीय' (ती स्वभावाने छान आहे) म्हणून मोकळे व्हा.

लों कोम ॲं जूर सां पॅं : पावाविना दिवसासारखं लांब. लांबलेलं भाषण, रांग, प्रवास, किंवा ताडमाड वाढलेला काटकुळा माणूस. आपल्या मारुतीच्या शेपटाला जवळ जाणारं.

मांजे सों पॅं ब्लां : आपला पांढरा पाव खाणं. पांढरा पाव हा श्रीमंती, काळा पाव गरिबी. चांगले दिवस आधीच भोगून झाले आणि पुढे खडतर काळ आहे, असं म्हणताना हे वापरतात. अर्थकारणावरच्या लेखांत पुष्कळदा दिसतं.

से पॅं बेनी : इथे पॅंच्या आधी काहीच नाही, आणि तसंच ठेवायचं. चर्चमध्ये मंत्रून वाटलेल्या पावावरून आलेला हा प्रयोग. अर्थ, आयती चालून आलेली संधी. मंत्र्याची चूक विरोधकांसाठी पॅं बेनी. लिहिताना बेनीच्या शेवटी न उच्चारला जाणारा टी असतो, तो राहिला की लाल शाई पडते.

बाकीचे थोडक्यात. 'पूर यून बूशे द पॅं' म्हणजे कवडीमोल भावात. 'स व्हांद्र कोम दे पती पॅं' म्हणजे हातोहात खपणं. 'फेर पासे ल गू द्यू पॅं' म्हणजे एखाद्याला यमसदनी धाडणं. हे कादंबरीत ओळखता आलं तरी पुरे, बोलण्यात नको. क्वेबेकमध्ये 'ने पूर ॲं पती पॅं' ऐकाल: छोट्या पावासाठीच जन्मलेला, ज्याने मोठी स्वप्नं पाहू नयेत असा.

पायरी 6 : जिथे पाव मुळीच नाही

'ॲं पॅं'चा बोलीतला दुसरा अर्थ ठोसा. 'मेत्र ॲं पॅं' म्हणजे एक ठेवून देणं, 'स प्रांद्र ॲं पॅं' म्हणजे एक खाणं. पुन्हा तोच 'ॲं'. 'द्यू'बरोबर हा अर्थ होऊ शकत नाही. वादकांच्या बोलीत मैफलीत चुकून लागलेला सूर म्हणजेही 'ॲं पॅं'.

मागे 'द' आणि एखादा पदार्थ आला की पॅं म्हणजे लादी किंवा ढेप. 'पॅं द साव्हों' साबणाची वडी, 'पॅं द ग्लास' बर्फाची लादी, 'पॅं द स्युक्र' साखरेचा निमुळता सुळका. रिओच्या प्रसिद्ध डोंगराचं फ्रेंच नावही तेच आहे. बातम्यांत 'पॅं द प्लास्तीक' आलं तर ती स्फोटकाची लादी असते. 'पॅं द व्यांद' म्हणजे साच्यात भाजलेल्या खिम्याचा ठोकळा, शाकाहाऱ्यांनी नावातल्या पावावर विसंबू नये.

पायरी 7 : आजूबाजूचे शब्द

आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीज शब्द आणि फ्रेंच 'पॅं' हे दोन्ही लॅटिन 'पानिस'चे वंशज. गोव्यातल्या पोदेराचं (पाववाल्याचं) नावही त्याच घरातलं, पोर्तुगीज 'पादेइरु'वरून आलेलं. फ्रेंचमध्ये या कुळात 'कोपॅं' (मित्र) आणि 'कोंपान्यों' (सोबती) येतात. मूळ अर्थ, एका पावातलं वाटून खाणारे. 'कोपॅं'लाही आधीचा छोटा शब्द सोडत नाही. 'ॲं कोपॅं' म्हणजे एक मित्र, 'मों कोपॅं' म्हणजे माझा प्रियकर. रूममेटची ओळख करून देताना 'ॲं कोपॅं' किंवा 'ॲं नामी' म्हणा. मैत्रिणीसाठी 'कोपीन'. तिथे न पूर्ण उच्चारायचा, आणि 'मा कोपीन'ला तोच इशारा लागू.

पावाचं कवच म्हणजे 'क्रूत'. 'कासे ला क्रूत' म्हणजे चार घास खाणं, 'गान्ये सा क्रूत' म्हणजे पोट भरण्यापुरतं कमावणं, थोडं सैल भाषेत. भिंतीवरच्या सुमार चित्रालाही 'क्रूत' म्हणतात. बागेतचं टोक 'क्रूतों' किंवा 'कीन्यों', घरी पोचेपर्यंत ते बहुतेकांनी खाल्लेलं असतं. 'व्ह्यऽ क्रूतों' मात्र माणसाला म्हणतात, खडूस म्हाताऱ्याला, आणि त्याच्या तोंडावर म्हणत नाहीत.

कणीक मळायची परात म्हणजे 'पेत्रॅं'. 'एत्र दां ल पेत्रॅं' म्हणजे गोत्यात असणं. 'पात' म्हणजे मळलेली कणीक. 'मेत्र ला मॅं आ ला पात' म्हणजे नुसत्या सूचना न देता स्वतः कामाला हात लावणं, मुलाखतीत वापरायला चांगलं वाक्य. पिठात लोळवलं गेलात ('रूले दां ला फारीन') तर तुम्हाला कोणीतरी टोपी घातली. आणि एकाच वेळी दोन ठिकाणी बोलावणाऱ्या बॉसला म्हणायचं: ओं न पऽ पा एत्र ओ फूर ए ओ मूलॅं. भट्टीपाशी आणि गिरणीत एकदम हजर राहता येत नाही. सरंजामी काळात भट्टी जहागीरदाराची आणि गिरणीही त्याचीच असे. गावकऱ्याला दोन्हीकडे जाणं भाग होतं आणि दोन्हीकडे पैसे मोजावे लागत.

ब्रुसेल्समध्ये सकाळी बेकरीत कोणी 'पिस्तोले' मागितलं तर दचकू नका. बेल्जियममध्ये तो कडक कवचाचा गोल पाव असतो. दोन हवे असतील तर 'दऽ पिस्तोले, सिल वू प्ले'.